शालनबाईंची उबेची खोली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खोली आहे. खोली कसली, एक माणूस बसेल एवढी पेटीच म्हणा. भोसरीतल्या एका शेडमागे पडून आहे आणि माझ्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. पण माझी बाजूही ऐका की!

मला ज्योतीरामने घडवलं. त्याच्या वर्कशॉपमध्ये कंपन्यांसाठी भट्ट्या बनत. मी मात्र माणसांना शेकण्यासाठी होते. त्याने मला हीटर बसवले आणि एक कटऑफ लावला. ऊब ठरलेल्या अंशावर गेली की वीज आपोआप बंद! "हिच्यात बिनघोर बसा," असं तो छाती फुगवून सांगायचा.

मी चिंचवडच्या एका हृदयरोग केंद्रात गेले. ज्यांचं हृदय थकलंय अशी माणसं तिथं यायची. डॉक्टर तपासून, ज्याला झेपेल त्यालाच आत पाठवत. थोडा वेळ ऊब घ्यायची, मग ब्लँकेट गुंडाळून आडवं पडायचं आणि घामावाटे गेलं तेवढंच पाणी प्यायचं. नसा सैल होत, हृदयावरचा भार हलका होई. नर्स स्वरूपा माझ्या दाराच्या काचेवरून नजर हटवत नसे.

तिथंच ज्योतीरामची आई, शालनबाई, येऊ लागल्या. आधी त्यांना चार पावलांत धाप लागायची. एक दिवस आल्या त्या हसतच. "स्वरूपा, आज म्या जिना चढून आले बघ! ही खोली न्हाई गं, माझं माहेर हाय." मला कोण आनंद झाला!

पुढे केंद्र बंद पडलं आणि ज्योतीरामने मला परत आणलं. "आई, तुझ्यासाठीच आणली बघ." डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटं बसायचं नाही. "मी हाय ना," तो म्हणाला, आणि सुरुवातीला खरंच जवळ बसायचा.

मग चाकणच्या एका कंपनीची घाईची ऑर्डर आली. रंगवलेले पार्ट वाळवायला भट्टी पुरेना, म्हणून त्याने मला जुंपलं. रंग वाळायला ऊब जास्त लागे, म्हणून कटऑफ सारखा वीज तोडायचा. ज्योतीरामने एक तार जोडून तो बायपास केला, म्हणजे तो असून नसल्यासारखा. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे नेहमीचंच. सेन्सर आडवा आला की बायपास, टार्गेट निघालं पाहिजे! ज्या हातांनी मला राखणदार दिला, त्यांनीच तो काढून घेतला. आईजवळ मात्र चकार शब्द काढला नाही.

एका रविवारी तो माल पोचवायला गेला. शालनबाई वाट बघून कंटाळल्या. "जास्त झालं की हीच बंद हुती," असं सुनेला, विजयश्रीला, सांगून आत बसल्या. ऊब वाढली, वाढतच गेली. मला थांबता येईना हो! त्यांचा हात काचेवर आपटला. विजयश्रीने धावत येऊन त्यांना बाहेर ओढलं, म्हणून जीव वाचला. पण त्यांनी जी खाट धरली ती कायमची.

"पेटीनंच घात केला," असं ज्योतीराम गावभर सांगत सुटला. इतका संताप मला कधी आला नव्हता. शेवटी विजयश्रीने कटऑफचं झाकण उघडून ती तार पाहिली आणि सासूबाईंना सांगितलं. शालनबाईंनी लेकाला जवळ बोलावलं.

"खोलीला बोल लावू नगंस, ज्योती. म्या तुझ्या भरवशावर आत बसले हुते."

मित्रांनो, यंत्राचा राखणदार काढताना एवढंच विचारा, की आत कोण बसणार आहे. ज्योतीरामने विचारलं नाही. आता तो आईच्या उशाशी बसून असतो, पण पाणी हवं असलं की शालनबाई विजयश्रीला हाक मारतात.