खांबाआडच्या स्टुलाचा सौदा

ड्वेनच्या बारमध्ये दर एप्रिलला दोन ड्राफ्ट होतात. एक टीव्हीवर, तो साऱ्या अमेरिकेला ठाऊक आहे. दुसरा टीव्हीच्या खाली, तो फक्त विस्कॉन्सिनातल्या आमच्या खाडीकाठच्या गावाला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर जास्त महत्त्वाचा आहे. टीव्हीवर अमेरिकी, हातानं फेकायच्या फुटबॉलच्या टीमा कॉलेजातली पोरं उचलतात, ड्वेनकडे माणसं स्टुलं उचलतात. ज्यानं जे स्टूल उचललं ते पुढच्या मोसमभर त्याचं. तिथे बिशप येऊन बसला तरी त्याला उठवायचं. नियम दोन्हीकडे एकच. मागच्या मोसमात जो तळाला गेला त्याचा नंबर पहिला, जो शहाणा ठरला त्याचा शेवटचा. आणि आपला नंबर विकायला दोन्हीकडे मुभा.

यंदा बारमधला पहिला नंबर नॉर्बर्ट डेलफॉसचा होता. नॉर्ब म्हणजे फेरीबोटीचा निवृत्त कप्तान. दर आठवड्याला कोण जिंकणार याचा अंदाज बारमध्ये सगळ्यांनी सांगायचा, आणि नॉर्ब दर आठवड्याला आपल्याच टीमचं नाव सांगायचा. टीमनं मोसमभर असा खेळ केला की समोरचे अकरा जण मैदानावर आलेच नसते तरी आपण हरलो असतो. बरं, हरण्यात तरी पहिला नंबर मारावा, तर तेही जमलं नाही. तळापासून चौथे आलो. नॉर्ब मात्र असा तळाला गेला की वर बघायला त्याला दुर्बीण लागली असती.

पहिल्या नंबराचं स्टूल म्हणजे सिंहासनच. समोर टीव्ही, पाठीशी हीटर, डाव्या हाताला तळणीची खिडकी. चीजचे तळलेले तुकडे पहिल्यांदा तिथे पोचतात. बारच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत बशीत नुसता वास उरतो. शेतीची यंत्रं विकणारा गस टिल्कन्स त्या स्टुलासाठी जन्मभर झुरत होता. पण गस पडला हुशार. त्याचे अंदाज दर वर्षी खरे ठरत आणि दर वर्षी त्याचा नंबर शेवटचा लागे. शेवटच्या नंबराला हल्ली उरायचं ते खांबाआडचं स्टूल. तिथे बसण्यापेक्षा गस मोसमभर उभा राहायचा.

हा खांब म्हणजे जुन्या जहाजाची डोलकाठी. ड्वेनच्या आजोबांनी छताला टेकू म्हणून ती ठोकली आणि तिच्या आड दोन स्टुलं अडकली. एकावरून टीव्हीचा डावा अर्धा भाग दिसतो, दुसऱ्यावरून उजवा. मार्सेला बॉदुआँ आणि तिचा नवरा रे तिथे बसायचे. रे सांगायचा, "फेकला!" मार्सेला सांगायची, "झेलला!" असं दोघं मिळून एक मॅच बघत. रे गेला तेव्हापासून मार्सेला एकटीच आपल्या स्टुलावर बसून उजवा भाग बघते. तिच्या बाजूला चेंडू आभाळातूनच पडतो. कुठून आला, कोणी पाठवला, काही पत्ता नाही.

नॉर्बला हवं होतं ते हे खांबाआडचं स्टूल.

पण मागायचं कसं? पहिला नंबर हातात असताना ते स्टूल मागणं म्हणजे चर्चच्या घंटेला लोंबकळून बोंब मारणं. सकाळपर्यंत पलीकडच्या किनाऱ्यावर बातमी गेली असती. आणि मार्सेला नको म्हणाली तर? मग नॉर्बला गाव सोडून नेवाडाच्या वाळवंटात राहायला जावं लागलं असतं, जिथे बोट चालवायला पाणीही नाही. शाळेत दोघं एका वर्गात होती, पण रे गेल्यापासून नॉर्बची जीभ तिच्यापुढे अशी वळायची की तो तिला 'मिसेस बॉदुआँ' म्हणायचा आणि वर 'अहो-जाहो' करायचा. तिच्या मांजरालाही एकदा 'या' म्हणाला होता.

हिवाळाभर डोकं खाजवून त्यानं युक्ती काढली. पहिला नंबर गसला विकायचा आणि बदल्यात त्याचा शेवटचा घ्यायचा. मग स्टूल मागायलाच नको, ते आपोआप गळ्यात पडणार. लोक गाढव म्हणतील. म्हणू देत. गाढवाला कुणी प्रेमात पडला म्हणत नाही.

ड्राफ्टच्या संध्याकाळी बार खच्चून भरला होता. मागच्या चुलीवर कोंबडीचा बुया, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, रटरटत होता. नॉर्ब गसच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"गस, पहिला नंबर हवाय?"

गसचा ब्रँडीचा ग्लास तोंडाशीच थांबला. "का रे? डॉक्टरनं काही सांगितलं का तुला?"

"तुझा शेवटचा दे, आणि वर काहीतरी टाक."

"वर काय?"

याचा विचार नॉर्बनं केलाच नव्हता. "तुझी... बर्फावरची मासेमारीची खोपटी. हिवाळाभर."

"शेगडीसकट?"

"शेगडीसकट."

"झाला सौदा!" गसनं त्याचा हात असा धरला, जणू सुटला तर सौदा उडून जाईल. "फादर, ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलं ना?"

फादर लिओ स्टुलांच्या ड्राफ्टचे पंच. ते बुयाचा वाडगा खाली ठेवून म्हणाले, "ऐकलं. पण टीव्हीवरचा पहिला नंबर जाहीर होईपर्यंत कुणालाही माघार घेता येईल. माणसाला पश्चात्तापाला वेळ हवा."

तेवढ्यात टीव्हीवर एकच गलका झाला. निवेदकानं सांगितलं की आपल्या टीमनं सौदा करून चौथ्यावरून थेट पहिल्या नंबरावर उडी मारली आहे. किंमत: यंदाचा चौथा नंबर, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला, दोन्ही वर्षांचे दुसऱ्या फेरीतले, आणि वर चेंडू घेऊन पळणारा आपला चपळ पोरगा.

बारमध्ये अशी आरोळी उठली की खाडीवरचं उरलंसुरलं बर्फ त्याच क्षणी फुटलं. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी खाडीला विचारावं.

"लुटलं!" गसनं कपाळ बडवलं. "अरे, दिवसाढवळ्या लुटलं! सगळं विकून काय आणणार, तर तो नेब्रास्काचा रेडा!"

सगळ्यांना ठाऊक होतं कुणासाठी ही उडी. वेंडेल क्रूसे, चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे भिंत होऊन उभा राहणारा पोरगा. एवढा आडवा की त्याच्या गावी उन्हाळ्यात गाई त्याच्या सावलीला बसत. गावच्या पुलाखाली ट्रक अडकला तर लोक ट्रकची हवा काढत नसत, वेंडेलला बोलावत. तो पूल उचलायचा.

"रेडा नाही, भिंत म्हण," ड्वेन ग्लास पुसत म्हणाला. "मागच्या मोसमात आपला फेकणारा उभा कमी आणि आडवा जास्त होता. त्याच्या पाठीवर अजून गवत उगवतंय."

"अरे पण भिंतीला एवढा भाव? जन्मात चेंडूला हात लावणार नाही तो! तीन भिंती आल्या असत्या एवढ्यात!"

"तीन अर्ध्या भिंती," ड्वेन म्हणाला. "त्यांतून माणूस आत येतो की नाही?"

"तू ग्लास पूस!"

"गस, तू ट्रॅक्टर विकतोस," फादर म्हणाले. "एक चांगला घ्यावा की तीन भंगार?"

"फादर, मी गिऱ्हाइकाला तिन्ही भंगार विकतो आणि चांगला घरी ठेवतो. त्याला म्हणतात भाव!"

लोक हसले. हसण्याच्या भरात नॉर्ब बोलून गेला, आणि बोलायला नको होतं. "ज्याच्यावाचून चालतच नाही ना गस, त्याला भाव विचारत नाहीत. द्यायचं आणि घ्यायचं."

गस गर्रकन वळला. "वा! हे कोण सांगतंय बघा! आत्ताच पहिला नंबर खोपटीवर फुंकून आलेला माणूस!"

"टीमनं जास्त दिलं आणि नॉर्बनं कमी घेतलं," ड्वेन म्हणाला. "दोघांना एकाच मास्तरनं गणित शिकवलेलं दिसतंय."

पुन्हा हशा पिकला. पण गस हसता हसता मध्येच थांबला. त्याचे डोळे बारीक झाले.

"थांबा, थांबा. या नॉर्ब्यानं फेरीवर सख्ख्या भावालाही तिकीट काढायला लावलं होतं. तो मला पहिला नंबर देतो? मला?"

तो तडक पहिल्या स्टुलापाशी गेला. पाय हलवून पाहिले. छताला गळती आहे का पाहिलं. हीटरचा वास घेतला. "ड्वेन, खरं सांग. टीव्ही हलवतोयस का?"

"नाही."

"तळणीची खिडकी बुजवतोयस?"

"नाही रे बाबा."

"मग यात गोम आहे. काय आहे ते ठाऊक नाही, पण आहे." गस फादरकडे वळला. "फादर, मी माघार घेतो. माझा शेवटचा नंबर मला परत."

नॉर्बनं त्याची बाही धरली. "असं काय करतोस गस? बरं, शेगडी राहू दे."

"शेगडी सोडतोस?"

"खोपटीच राहू दे. मला थंडी सोसत नाही हल्ली."

गसनं फादरकडे पाहिलं, ड्वेनकडे पाहिलं, मग हळूच स्टुलाची कड धरली. "पहिला नंबर. फुकट."

"आणि... माझी वल्ह्याची बोट. दर रविवारी तुझी."

आता बारमध्ये कुणी टीव्हीकडे बघत नव्हतं. हाव दिसली की भाव चढतो, हे बाजारात कोंबडी घेणाऱ्यालाही कळतं, आणि कप्तान नॉर्बर्ट डेलफॉस भर बाजारात कोंबडीला मिठी मारून उभा होता.

"खांबाआडच्या त्या स्टुलाखाली काय पुरलंय?" गस ओरडला. "सोनं? तेल? बोल! नाहीतर फादर, लिहा, सौदा रद्द!"

"लिहायला हातात चमचा आहे माझ्या," फादर म्हणाले, पण तेही पुढे झुकले होते.

नॉर्बचे कान लाल झाले. खरं सांगावं तर गाव आणि खोटं सांगावं तर स्टूल, दोन्हींतलं एक जाणार.  बुयातला एकेक बुडबुडा ऐकू येत होता.

"गस," खांबाआडून आवाज आला, "ते स्टूल माझ्या शेजारी आहे. खाली काय पुरलंय ते मी बघते. तू जरा गप्प बस."

मार्सेला बॉदुआँ खांबाच्या कडेनं डोकावली. गस गप्प बसला; सोप्या गोष्टीसारखं मी हे सांगतोय, पण गावानं याआधी असं कधी पाहिलं नव्हतं.

"नॉर्बर्ट, तिथून तुला काय दिसणार?"

"अर्धं," नॉर्ब म्हणाला. आवाज त्याच्या बुटांतून आल्यासारखा होता.

"आणि उरलेलं?"

"ते... तुम्ही सांगाल, मिसेस बॉदुआँ. आणि तुमच्या बाजूला चेंडू येईल तेव्हा कुठून आला ते मी सांगेन."

 ड्वेन एकच ग्लास पुसत राहिला. त्या काचेला त्यानं त्या दिवशी भोक पाडलं असं म्हणतात.

मार्सेला खांबाआडून आणखी पुढे झुकली. "ही मिसेस बॉदुआँ कोण? चौथीत माझ्या वेणीला शाई लावलीस तेव्हा अहो-जाहो कुठे गेलं होतं तुझं?"

"ती शाई नव्हती," नॉर्ब म्हणाला. "डांबर होतं. बोटीचं."

"ठाऊक आहे. केस कापावे लागले माझे."

"फार वाईट वाटलं होतं मला... मार्सेला."

तिनं शेजारच्या स्टुलावरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. "बस. उभा राहून गसचा भाव वाढवू नकोस."

नॉर्ब कसा चालत गेला हे त्याला आजही आठवत नाही. तो बसला. त्याच वेळी टीव्हीवर आपल्या टीमचं आणि वेंडेलचं नाव पुकारलं गेलं. बारमधली सगळी माणसं खांबाकडे तोंड करून बसली होती. त्यामुळे ड्वेनच्या बारमध्ये यंदाचा पहिला नंबर फक्त दोघांनी पाहिला.

"चालत येतोय," नॉर्ब म्हणाला. "बाप रे, दरवाजाच घेऊन येतोय की काय."

"आला माझ्याकडे," मार्सेला म्हणाली. "टोपी घातली. बसत नाहीये डोक्यावर. आई रडतेय त्याची."

तेव्हा कुठे गसच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो चंद्राएवढा पडला. "म्हणजे हे होतं! अरे चोरा! हे आधी सांगितलं असतंस तर मी तुझा ट्रक मागितला असता, घर मागितलं असतं! फादर, मी रद्द म्हणालो होतो!"

"रद्द म्हणून पुन्हा भाव करत बसलास, आणि तेवढ्यात पहिला नंबर जाहीर झाला, गस. सौदा पक्का."

"मग मी ठकलो की जिंकलो?"

आणि पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. ड्वेन म्हणाला, गसला फुकटात सिंहासन मिळालं, गस जिंकला. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, नॉर्बनं टीमपेक्षा जास्त दिलं, आणि तेही भिंतीसाठी नाही, खांबासाठी. गस सिंहासनावर बसून तोंडात चीज कोंबत ओरडत होता की त्याला लुटलंय, टीमला लुटलंय, साऱ्या राज्याला लुटलंय. मध्येच वेंडेल, मध्येच स्टूल, कुणाचा भाव कुणाला लागतोय काही कळेना.

"मार्सेला, तूच सांग!" गसनं बार ठोकला. "नॉर्ब्याचा सौदा कसा झाला? फायद्याचा की तोट्याचा?"

मार्सेलानं टीव्हीवरची नजर काढली नाही. "वेड्या, ड्राफ्टचा भाव पहिल्या दिवशी कुणाला कळलाय? पोरगं कसं निघतं ते बघावं लागतं. तीन वर्षांनी विचार."

गस कुरकुरला, फादर हसले, ड्वेननं पुढची बशी तळणीच्या खिडकीतून घेतली आणि सारा बार पुन्हा वेंडेल क्रूसेवर तुटून पडला. नॉर्बनं त्यातलं काही ऐकलं नाही. तो डावा अर्धा टीव्ही बघत होता, ज्यावर आता साबणाची जाहिरात चालली होती, आणि त्याला एवढंच ऐकू येत होतं: तीन वर्षं.