सासूबाईंची नखं आणि सुरक्षा विभाग

आमच्या घरात नेलपॉलिश लावणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती मी नाही. माझी नखं दिवसभर कीबोर्डवर आपटतात आणि संध्याकाळी खरकट्या भांड्यांत बुडतात. त्यांना रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. नेलपॉलिश लावतात त्या माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, रंग लालभडक.

हा शौक त्यांना सासरे गेल्यावर लागला. सासऱ्यांना बायकांची रंगवलेली नखं आवडत नसत. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांना कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाईंनी एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणली, आपल्या खोलीतल्या खुर्चीत बसल्या आणि दहाही बोटं रंगवली. पहिल्या खेपेला नखांपेक्षा कातडीच जास्त रंगली होती. त्या दिवशी जेवताना त्या हात जरा जास्तच वेळ ताटावर धरून बसल्या.

आमच्या ह्यांना घरात पडदे बदललेले कळायला महिना लागतो, पण नाक मात्र तयार आहे. हे रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कुठे काय गळतंय ते यांना तीन खोल्या पलीकडून समजतं. गॅसवर दूध करपलं तर समजत नाही, ते यांच्या विभागात येत नाही. नेलपॉलिशचा वास आल्याबरोबर हे भिंग घेऊन आले आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसले. वाचून झाल्यावर कंपनीत अपघात झाल्यावर करतात तसा चेहरा केला.

"आई, यात काय काय आहे माहीत आहे का तुला?"

"लाल रंग," सासूबाई म्हणाल्या.

मग यांनी एकेक नाव घेऊन समजावलं. एकाच्या वासाने डोकं दुखतं. दुसऱ्याने श्वासाचा त्रास होतो. तिसरं शरीरात साठत जातं आणि वीस-पंचवीस वर्षांनी काहीतरी उपटतं अशी म्हणे शंका आहे.

सासूबाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे मी शंभरीला टेकले असेन तेव्हा," त्या म्हणाल्या. "तेव्हा बघू."

माणूस शंकेवर गप्प बसत नाही म्हणूनच त्याला सुरक्षा अधिकारी करतात. आमच्याकडे नियम लागू झाले. आधी खिडकी उघडी ठेवून रंगवायचं. मग खिडकी पुरेना, गॅलरीत बसून रंगवायचं. मग तोंडाला मास्क. शेवटी हे कारखान्यातून हातमोजे घेऊन आले.

"हातमोजे घालून नखं कशी रंगवू रे?"

"रंगवणाऱ्याने घालायचे असतात."

"रंगवणारी मीच आहे."

हे विचार करायला आत निघून गेले.

आता यांची बाजूही सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल माझ्या नवऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे. सासऱ्यांना खोकला होता. पुढच्या आठवड्यात दाखवू, हवा बदलली की बरं वाटेल, असं करत करत दिवस गेले. दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी फार बोलायचंही टाळलं. रोज कारखान्यात शेकडो माणसांच्या फुप्फुसांची काळजी घेणाऱ्याला आपल्या घरातला खोकला ऐकू आला नाही, हे यांच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून हे आईची बाथरूममधली चप्पल घसरते का ते बघतात, दुधाची तारीख बघतात, त्या झोपल्या की दारात उभं राहून श्वास चालू आहे ना ते बघतात. मला यांचा राग येतो आणि कीवही येते, आणि दोन्ही एकदमच येतात म्हणून मला नीट भांडताही येत नाही.

शेवटी लाल बाटली जप्त झाली आणि तिच्या जागी सुरक्षित नेलपॉलिश आलं. लहान मुलांसाठी केलेलं, पाण्यातलं. रंग लालच, बाटलीवर हसरा ससा. वास नाही, जळजळ नाही, आणि काढायला रसायनही नको. कोमट पाण्याने निघतं. तेवढीच त्याची खुबी आणि तेवढाच त्याचा घोळ, कारण आमच्या सासूबाई आपला कप आपण विसळतात. सकाळी लावलेला रंग दुपारपर्यंत सालपटं होऊन घरभर व्हायचा. एक उशीवर मिळालं, एक रिमोटवर. एक माझ्या ताटात मिळालं. ते मी खाल्लं की बाजूला काढलं हे आता आठवत नाही. सुरक्षितच होतं म्हणा.

सासूबाईंनी दोन-चारदा लावलं आणि सोडून दिलं.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई दुपारच्या चहाला येतात. त्यांनी एक दिवस पाहिलं आणि विचारलं, "अहो, नखं का मोकळी? रंगवायचं सोडलंत की काय?"

"मुलगा नको म्हणतो," सासूबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात होते. या घरात आल्यापासून मी याच आवाजात एक वाक्य ऐकत आले होते, 'ह्यांना आवडत नाही.' बाहेर फिरायला जायचं नाही, ह्यांना आवडत नाही. केस कापायचे नाहीत, ह्यांना आवडत नाही. माणूस गेला तरी वाक्य घरातच राहिलं होतं, फक्त वडलांकडून मुलाकडे आलं होतं.

मी यांना ते स्पष्ट सांगितलं.

"बाबांचं वेगळं होतं," हे दुखावून म्हणाले. "बाबांना आवडत नव्हतं. मला काळजी आहे."

"नखांना दोन्ही सारखंच," मी म्हटलं.

पुढे महिनाभरात चमत्कार झाला. ससा टिकायला लागला. सासूबाईंनी रंगवलेली नखं आठवडा आठवडा जशीच्या तशी, वर काचेसारखी चकाकी. कप विसळला, डोक्यावरून अंघोळ केली, तरी टवका नाही. यांची कॉलर ताठ झाली. "बघ, हाताला सवय व्हावी लागते," हे मला म्हणाले. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत यांनी चार जणांना बाटलीचा फोटो दाखवला. सासूबाई पुन्हा चहाला हात पुढे करून बसू लागल्या. दुपारी मात्र खोलीचं दार लावून, दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढून झोपायच्या. मला वाटलं, वय झालं, उकडत असेल.

मग एका रविवारी शिक्षिकाबाई आलेल्या असताना यांना हुक्की आली. त्या केसांना कसला तरी जहाल कलप लावतात, त्याचंही यांना टेन्शन असतं. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडावा म्हणून यांनी टेबलावर टॉवेल पसरला, मोठ्या वाडग्यात कोमट पाणी आणलं आणि सशाचा रंग नुसत्या पाण्याने कसा निघतो याचं प्रात्यक्षिक जाहीर केलं.

"आज नको रे," सासूबाई म्हणाल्या. "मला शिंका येतायत."

"पाच मिनिटांचं काम आहे, आई."

सासूबाईंनी बोटं बुडवली. शिक्षिकाबाई चष्मा लावून पुढे सरकल्या. पाच मिनिटं झाली. हे म्हणाले, पाणी निवलं असेल. आणखी गरम ओतलं. मग साबण घातला. मग माझ्याकडून भांडी घासायचा साबण मागितला. सासूबाईंची बोटं सुरकुतून सुकलेल्या द्राक्षांसारखी झाली आणि टोकांवरचा लाल रंग आणखीच झळकायला लागला.

"छानच टिकतं हो," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "मलाही आणून द्या एक."

यांनी आईचा हात उचलला, नाकापाशी नेला आणि वास घेतला. मग तसाच हातात धरून ठेवला.

"आई, हे वार्निश आहे."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "दारांचं. सिंकखालच्या डब्यातलं."

मग त्यांनीच पुढे सांगितलं. "तुझं सशाचं निघून जायचं. म्हणून वरून एक हात दिला. बाहेरच्या दाराला काही झालं नाही इतकी वर्षं, म्हटलं नखांना काय होतंय."

हे उठले, सिंकखालून डबा आणला आणि त्यावरची सूचना मोठ्याने वाचायला लागले. त्वचेला लागू देऊ नये. बंद खोलीत वापरू नये. वाफ हुंगू नये. प्रत्येक ओळीला आवाज चढत गेला.

"खोली बंदच ठेवावी लागायची," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर तुला वास आला असता."

शिक्षिकाबाई अर्धा चहा टाकून घरी गेल्या. असं याआधी कधी घडलेलं नाही.

"मला सांगायचं होतंस ना," हे म्हणाले. "की हे नको, आधीचंच हवं."

"तुझ्या बाबांना सांगून बघितलं होतं, नवीन नवीन. मग सोडून दिलं. आता तुझ्याशी परत पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे..." सासूबाईंनी टॉवेलला हात पुसले. "मला तेवढा वेळ नाही रे राहिलेला."

हे डबा मांडीवर घेऊन खाली बसले.

"मला भीती वाटते, आई."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. हे नेहमी 'धोका आहे' म्हणतात.

"बाबा खोकायचे ते मला ऐकू यायचं. रोज यायचं."

"मलाही यायचं," सासूबाई म्हणाल्या. "मी तर शेजारी झोपायचे."

हे रडले. मीही रडले. सासूबाई रडल्या नाहीत, त्या यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू पहारा दिलास म्हणून मी राहणार नाही. जायचं तेव्हा जाईनच. तोवर माझे हात माझ्यासारखे दिसू देत, एवढंच."

संध्याकाळभर हे आईसमोर स्टुलावर बसून वार्निश घासत होते. वार्निश असं सुखासुखी निघत नाही, एकेक नख कानशीने हळूहळू उतरवावं लागतं. यांनी आधी मास्क लावला होता. पण आई काय बोलते ते विचारायला सारखा खाली करावा लागत होता, म्हणून शेवटी काढूनच ठेवला. करंगळी झाली तेव्हा दिवे लागले होते. नखं पांढुरकी, खरखरीत दिसत होती, आणि आईचा हात सोडायचं यांच्या लक्षात येत नव्हतं.

मग हे उठले, खिशात पैसे टाकले आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

"कुठला रंग आणू?" यांनी विचारलं.

सासूबाई आपल्या रिकाम्या नखांकडे बघायला लागल्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा नखांकडे. हा प्रश्न त्यांना या घरात कोणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

"थांब हं जरा," त्या म्हणाल्या. "मला विचार करू दे."

हे एक चप्पल पायात घालून दारात थांबले. बराच वेळ थांबले.