वेन्चोऊची आजी

गुरुदत्तच्या पत्राला आपण उत्तर दिलेले नाही, हे दीनानाथांना विद्यापीठातल्या चिनी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हातात वाटी घेऊन भर गर्दीत उभे असताना पुन्हा आठवले. पत्र आले तेव्हा खिडकीसमोरच्या चेरीला मोहोर होता. आता नोव्हेंबर लागला होता.

वाटीत सोयाबीनच्या दुधाचा खरवस होता. निदान त्यांना तरी तो खरवसच वाटला, पांढरा, थरथरता. टेबलामागे तीन चिनी विद्यार्थी जर्मनमध्ये तावातावाने भांडत होते.

"काय म्हणतायत गं?" त्यांनी अन्वीला विचारले.

अन्वी त्यांची नात. स्टुटगार्टच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. पत्नी गेल्यावर दीनानाथ स्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन या उपनगरात लेकीकडे, नीलिमाकडे, राहायला आले होते. अन्वीला मराठी सगळे कळे, पण उत्तर जर्मनमधून येई. दीनानाथांना दुसऱ्या कुणाचे जर्मन कळत नसे, अन्वीचे मात्र कळे. दोघांचा कारभार असा चालला होता.

"आल्झो, तर ऐका," अन्वी हसत तिच्या जर्मनमध्ये सांगू लागली, "बीजिंगवाला म्हणतो, हे खारटच खायचं. ती ग्वांगचौची मुलगी म्हणते, पाक नसेल तर माणसाने उपाशी राहावं. आणि सेचुआनवाला दोघांनाही वेड्यात काढतोय, तो वरून तिखट तेल ओततो. आजोबा, तुम्ही निकाल द्यायचा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"खाल्लं की कळेल. नुर मुट, आजोबा!"

'नुर मुट' म्हणजे धीर करा, बिनधास्त व्हा. हे ती त्यांना दिवसातून दहादा म्हणे. दीनानाथांनी तिन्ही चवी घेतल्या आणि तिन्ही आवडल्याचे सांगितले. तिघेही त्यांच्यावर सारखेच नाराज झाले.

"निकाल द्यायचं म्हटलं की तुमचं हे असं," अन्वी म्हणाली.

ते त्यांना लागले. कारण गुरुदत्तला निकालच हवा होता.

गुरुदत्त त्यांचा अमळनेरचा बालमित्र. उभा जन्म तिथल्या एका सूतगिरणीत काढला. म्हातारपणी त्याने गिरणीच्या आठवणी लिहून काढल्या, आणि त्याही अहिराणीत. धुळ्याचा छापखानेवाला म्हणाला, शुद्ध मराठीत करून आणा, हे कोण वाचणार? तेव्हा गुरुदत्तने पुण्यात मुद्रितशोधक म्हणून नोकरी केलेल्या मित्राला लिहिले, 'दिनू, तू पुन्याना मानूस. तू सांगशी तसं करसू.' तुझे उत्तर येईपर्यंत छपाई थांबवली आहे, असेही खाली होते. त्याला ऐकू येत नसल्याने फोनचा उपयोग नव्हता.

आणि दीनानाथ गप्प राहिले. तसेच ठेव म्हणावे, तर पुस्तक गठ्ठ्यात पडून राहील आणि दोष आपल्यावर येईल. शुद्ध कर म्हणावे, तर त्यात गुरुदत्त कुठे उरेल? शिवाय सांगणारे आपण कोण? दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरलेला माणूस. पुण्यात पहिल्याच महिन्यात कुणीतरी हसले, म्हणून त्यांनी स्वतःची अहिराणी तोंडातून जी काढून टाकली ती कायमची.

दोघे सभागृहात जाऊन बसले आणि दिवे मंद झाले. भिंतीवर चिनी अक्षरांची एक ओळ उमटली. सूत्रधार मुलाने तिचा अर्थ सांगितला, अन्वीने तो आजोबांपर्यंत पोचवला: 'आजी म्हणते, घरी ये, जेवण गार होतंय.' आता प्रत्येकाने हीच ओळ आपापल्या गावच्या बोलीत म्हणायची होती.

बीजिंगचा मुलगा जिभेला पीळ देत म्हणून गेला. ग्वांगचौच्या मुलीने ती जवळपास गायली. सेचुआनवाल्याची आजी बहुधा भांडखोर असावी. सभागृह खदखदून हसले. दीनानाथ खुर्चीच्या कडेवर आले. भिंतीवरची अक्षरे तीच, आणि तोंडातोंडातून निराळेच गाव बोलत होते. त्यातले कुणीही दुसऱ्याच्या बोलीला शुद्ध करायला निघाले नव्हते.

शेवटी एक बारीकशी मुलगी आली. तिचे नाव वेन्टिंग, गाव वेन्चोऊ. ती अर्ध्या ओळीत अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. तिचे कान लाल झाले. आता ही पळून जाणार, असे दीनानाथांना वाटले. आपण गेलो असतो.

पण तिने खिशातून फोन काढला. "घरी आईबाबा माझ्याशी शाळेतलीच प्रमाण चिनी बोलले," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि अन्वी आजोबांच्या कानाशी तेच हळूहळू पुन्हा सांगत गेली. "आजीची बोली सगळी कळते, पण बोलता येत नाही. म्हणून ही ओळ आजच आजीकडून मागवलीय."

तिने फोन माइकला लावला. म्हातारीचा चिरका, घाईचा आवाज सभागृहात घुमला. बीजिंगवाल्याने ग्वांगचौवालीकडे पाहिले, तिने सेचुआनवाल्याकडे. कुणाला एक शब्द कळला नव्हता. म्हातारी ओळ संपवून थांबलीही नाही, पुढे बोलतच राहिली.

"आणखी काय म्हणाली?" सूत्रधाराने विचारले.

"म्हणाली, स्वेटर घाल."

सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सर्वांत जोरात ते तिघे भांडखोर. दीनानाथही उभे राहिले आणि आपण शेवटचे कधी असे उभे राहिलो होतो, हे त्यांना आठवेना.

"कळते पण बोलता येत नाही," अन्वी स्वतःशीच म्हणाली. "गेनाऊ, अगदी माझ्यासारखं."

"माझ्यासारखंही," दीनानाथ म्हणाले.

तिने चमकून पाहिले. मग परतीच्या एस-बान लोकलमध्ये त्यांनी तिला अमळनेर सांगितले, आई सांगितली, गुरुदत्त सांगितला.

"मग लिहा ना त्याला."

"चुकलं तर?"

"चुकलं तर त्याला कळेल, तुम्ही स्वतः लिहिलंय."

सकाळी ते टेबलाशी बसले. पहिला शब्द यायला चहा गार झाला. मग हात चालू लागला. 'गुरु, तुन्हं पत्र भेटनं. उत्तर देवाले उशीर व्हयना. एक अक्षरबी बदलू नको. जसं शे तसंच छाप. पहिलं पुस्तक माले धाड.' एका शब्दाशी ते अडले. हा असाच लिहितात का? लाल पेन शेजारीच होते. त्यांनी ते खणात ठेवले आणि पाकीट चिकटवले.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती, पण अन्वी कोट चढवून बरोबर आली. पिवळ्या पेटीच्या फटीत पाकीट अर्धे सरकवून दीनानाथ तसेच उभे राहिले.

"नुर मुट," अन्वी म्हणाली नाही. नुसती शेजारी उभी राहिली.

त्यांनी बोटे सोडली. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.