मानोगीचे टेबल, सध्या मुक्काम कबरीवर

विषय : लाकेपा गावातील दिवंगत मानोगी यांच्या कबरीवर ठेवलेल्या लाकडी टेबलाचा खण उघडण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : त्यांची भाची सिफा हिचा गावपंचायतीकडील अर्ज. सोबत कुटुंबीयांची नऊ संमतिपत्रे जोडणे आवश्यक. पैकी आठ प्राप्त.

वरील विषयातले टेबल ते मी. अर्ज माझ्याबद्दल असला तरी माझे म्हणणे कोणी मागवलेले नाही. तशी पद्धतही नाही. तीस वर्षे माझ्या छातीवर जमिनींचे अर्ज येऊन पडत होते. त्यातल्या एकाही जमिनीला तिचे मत विचारल्याचे मला आठवत नाही.

माझा जन्म आलोफीचा. प्रशांत महासागरातल्या आमच्या निउए बेटावर सरकार म्हणून जे काही आहे ते तिथे बसते. ज्या सुताराने मला घडवले तो लाकडाचा जाणकार होता. पण माझा खण बसवण्याच्या दिवशी धक्क्याला बोट लागली आणि त्याचे अर्धे लक्ष तिकडे गेले. खण जागेपेक्षा किंचित मोठा झाला. तो उघडायचा तर मूठ वर उचलायची, डाव्या गुडघ्याने खालून दणका द्यायचा आणि मगच ओढायचे. जमिनींच्या कचेरीतल्या तीन कारकुनांना हे आयुष्यभरात जमले नाही. ते कागद वरच ठेवत, आणि पंखा ते खाली टाकी.

मानोगी मला पहिल्यांदा भेटली ती अर्जदार म्हणून. ऑकलंडला वीस वर्षे बिस्किटांच्या कारखान्यात काढून ती परतली होती आणि लाकेपातल्या बापाच्या घरात राहायला तिला नातेवाइकांची संमती हवी होती. निम्मे नातेवाईक ऑकलंडलाच, म्हणजे ज्यांना मागे सोडून आली त्यांच्याचकडे सह्या मागायच्या.

"व्यवसाय?" कारकुनाने विचारले.

"चित्रं काढते. लिहितेही."

"बाई, एक काहीतरी सांगा. रकाना लहान आहे."

"दोन्ही लिहा. बारीक अक्षरात लिहा."

कारकुनाने 'घरकाम' लिहिले. तो कागद पुढे पंधरा वर्षे माझ्याच अंगावर होता.

मग ते मोठे वादळ आले. समुद्र कडा चढून वर आला आणि आलोफीतली बरीच घरे घेऊन गेला. आमची कचेरीही गेली. मी केवड्याच्या झुडपात उलटा पडलेला सापडलो, तीन पायांवर आणि खणात एक मेलेला मासा घेऊन. मानोगीने मला ओळखले. सोबत तिचा धाकटा भाऊ इकिपा होता.

"ताई, घरावर छप्पर नाही आणि तू टेबल उचलतेस?"

"छप्पर सरकार देईल. टेबल कोण देणार?"

"हे सरकारचंच आहे!"

"मग मागू दे सरकारला परत."

सरकारने मागितले नाही. चौथा पाय इकिपाने आपल्या फुटलेल्या होडीच्या लाकडातून करून दिला. तो बोटभर आखूड भरला. बहिणीने तसे म्हटल्यावर, होडी गेली त्याचे काही नाही आणि बोटभराचे रडगाणे, असे तो पुढे प्रत्येक सणाला बोलून दाखवी.

मानोगी सकाळी माझ्यावर बसून लिही आणि दुपारी झाडाच्या सालीचे कापड पसरून चित्र काढी. पूर्वीच्या बायका त्या कापडावर काळ्या शाईने चौकटी आखत, चौकटीत पाने-फुले भरत, मध्येच माणसांची नावे लिहीत. हिनेही तेच केले. फक्त नावांच्या शेजारी ती माणसे काय करत होती तेही काढले. माझ्या आखूड पायामुळे शाई एका कोपऱ्याकडे ओघळे. ऑकलंडच्या एका जाणकाराने या चित्रांत ईशान्येकडे झुकणारी विरहवेदना आहे असे लिहिले. मानोगीने ते इकिपाला मोठ्याने वाचून दाखवले.

"बघ," तो म्हणाला, "माझ्या पायावर नाव कमावलंस."

हे सख्य टिकले नाही. रानात राहणारे मोठे खेकडे वाढावेत म्हणून पंचायतीने एका वर्षी रान बंद केले होते. त्या वर्षीच्या मोठ्या चित्रात, डावीकडून चौथ्या चौकटीत, पोत्यातून खेकड्याच्या नांग्या बाहेर आलेला एक माणूस रानातून येत होता. खाली स्वच्छ अक्षरात 'इकिपा'. चित्र आलोफीत लागले. रविवारी चर्च सुटल्यावर सगळे गाव ते वाचायला गेले, पंचायतही गेली. इकिपाला महिनाभर चर्चचे आवार झाडावे लागले. दोन वर्षे तो बहिणीशी बोलला नाही. दर रविवारी मात्र भट्टीतले गरम टारोचे कंद आणि नारळाच्या दुधातली पपई पानात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवी आणि दार न वाजवता निघून जाई. मानोगी ते खाई आणि मीठ कमी आहे असे मला सांगे.

तिची दोन पुस्तके छापून आली. ऑकलंडला त्यांच्यावर भाषणे झाली. लाकेपात लोकांनी ती आपले नाव कुठे येते ते पाहण्यापुरती वाचली, आणि ज्यांचे नाव नव्हते ते जास्त रागावले.

तिसरे पुस्तक तिने शाळेच्या दोन वह्यांत हाताने लिहिले. पहिल्या दोन पुस्तकांचे टंकलेखन ऑकलंडला नोकरी करणाऱ्या सिफाने केले होते. तिसऱ्याची ती वाट पाहत होती. संपल्याशिवाय दाखवणार नाही, असे मावशीने तिला बजावले होते. वह्या माझ्या खणात असत. ज्या आठवड्यात पुस्तक संपले त्याच आठवड्यात मानोगीच्या छातीत कफ भरला. तिने सुट्टीवर आलेल्या सिफाला जवळ बोलावले, काही सांगायला तोंड उघडले आणि खोकला आला. तो थांबला नाही.

आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्या कबरीवर ठेवतात. कप, चटई, शिवणयंत्र, जे ज्याचे असेल ते. ठेवलेले परत उचलत नाहीत. घरासमोर रस्त्याकडेला तिची कबर झाली आणि इकिपाने चार माणसे लावून मला तिच्यावर नेऊन ठेवले. किटली ठेवली, ब्रश ठेवले. निघण्यापूर्वी कोणीतरी रीत म्हणून माझा खण ओढून पाहिला. तो हलला नाही. "रिकामा असेल," तो म्हणाला. सिफा तेव्हा मागे पाहुण्यांच्या जेवणात अडकली होती. वह्या मावशीच्या पेटीत आहेत अशी तिची समजूत. आठवड्याने पेटी उघडली, तेव्हा आत नाताळची शुभेच्छापत्रे आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या होत्या.

ती धावत कबरीशी आली आणि मुठीला हात घालणार, तोच रस्त्यावरून इकिपा ओरडला.

"हात लावू नकोस!"

"मामा, आत मावशीचं पुस्तक आहे."

"मग आता ते तिचं आहे."

"पाऊस पडला की लगदा होईल त्याचा. मी घरी नेत नाही, इथेच बसून उतरवून घेते आणि परत ठेवते."

"मेलेल्या माणसाजवळचं हलवलं की ते माणूस विचारायला येतं. तू जाशील ऑकलंडला. येणार कुणाकडे? माझ्याकडे."

"तुला मावशीची नाही, वहीची भीती वाटते. तुझं नाव असेल म्हणून."

"असेल कशाला, असणारच! पहिल्या पुस्तकात माझं घोरणं, दुसऱ्यात माझं लग्न, चित्रात खेकडे. आता माझं राहिलंय काय उघडं करायचं?"

"मी वाचलेलं नाही, मामा. आईची शपथ."

"नकोच वाचू. जिवंत होती तोवर तिच्या तोंडाला कोणी लागलं नाही. गेल्यावर तरी गप्प बसू दे बिचारीला."

प्रकरण पंचायतीपुढे गेले. दोन तास खल झाला. खण उघडणे म्हणजे कबरीवरची वस्तू उचलणे होते का, यावर एकमत झाले नाही. झाकणे म्हणजे उचलणे नव्हे, यावर मात्र झाले; म्हणून माझ्यावर पत्रा घालण्यास तत्काळ मंजुरी मिळाली. उघडण्यासाठी रीतसर अर्ज करावा आणि घराण्याच्या नऊही शाखांची संमती जोडावी, असे ठरले. पाच सह्या ऑकलंडहून विमानाने आल्या, तीन गावातून. नववी इकिपाची.

वहीत काय आहे ते मला माहीत आहे. माझ्यावरच लिहिले गेले. इकिपाचे नाव आहे. वादळाच्या दुपारी मानोगी आलोफीत कड्याजवळच्या एका घरात अडकली होती. लाट एकदा येऊन गेल्यावर सगळे वर पळाले, इकिपा मात्र खाली गेला. त्याने तिला पाठीवर घेतले आणि गळ्याइतक्या पाण्यातून चर्चपर्यंत आणले. ही हकीकत अकरा पानांची आहे. ती तिने चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिली. तिच्या वजनाबद्दल त्याने वाटेत काढलेले उद्गारही जसेच्या तसे आहेत. ही पाने पहिल्या वहीच्या शेवटी येतात.

मागच्या महिन्यात इकिपा एकटाच आला. त्याने पत्रा बाजूला केला आणि माझी मूठ धरली. ओढली नाही. पत्रा परत नीट बसवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन दगड ठेवले आणि गेला. सिफाने दुसऱ्या दिवशी ते दगड पाहिले. तिने सुट्टी वाढवून घेतली आहे. पुढच्या शुक्रवारच्या विमानाचे तिकीट तिने तिसऱ्यांदा पुढे ढकलले.

पत्र्याला मागच्या बाजूने फट आहे. तिथून ओल आत येते. दुसरी वही कोरडी आहे. पहिलीची शेवटची सहा पाने एकमेकांना चिकटली आहेत, त्या अकरांतली उरलेली पाच अजून सुटी आहेत. पंचायतीची मागची बैठक गावच्या जत्रेमुळे झाली नाही. पुढची येत्या सोमवारी आहे. नववे संमतिपत्र अप्राप्त असल्याने अर्ज प्रलंबित आहे.