साहेबांचं निवेदन

आमच्या घरात आतेभावाला सगळे साहेब म्हणतात. पाचव्या वर्षापासून तो बसल्या जागेवरून इतरांना कामं सांगायचा, म्हणून. त्याला अजून वाटतं, ते कौतुक आहे.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात मानसशास्त्र शिकलो आणि शेवटची दोन वर्षं एकाच मॅडमच्या प्रयोगशाळेत काम केलं. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, बुटकं टेबल, कॅमेरा आणि लाकडी तुकड्यांचं कोडं. चार वर्षांचं मूल कोडं सोडवायला लागतं, शेजारी आई बसलेली असते. ती किती वेळाने मध्ये हात घालते, ते मोजायचं. मी चित्रफिती बघून सेकंद मोजायचे. साहेब आयांना फोन करून वेळ ठरवायचे.

पुढच्या प्रवेशाचे अर्ज निघाले, तशी आत्या त्याला घेऊन आमच्याकडे आली. अर्जासोबत आपल्या संशोधनाच्या अनुभवावर दोन पानी निवेदन द्यायचं होतं.

"जरा शुद्धलेखन बघ गं याचं," आत्या म्हणाली. "विचार मोठे आहेत त्याचे. फक्त ऱ्हस्व-दीर्घाशी वाकडं."

पहिलीच ओळ होती, ‘मानवी मनाच्या अथांग सागराने मला बालपणीच साद घातली.’ बालपणी याला जेवायला मारलेली हाक तेवढी ऐकू यायची. पुढे: ‘बासष्ट कुटुंबांवरील बहुआयामी संशोधनाचे मी नेतृत्व केले.’

"नेतृत्व?" मी म्हटलं. "स्टॉपवॉच कुठल्या कपाटात असतं, सांग बरं."

"लिहायची एक पद्धत असते."

"आणि फोनचं अक्षरही नाही?"

"फोन काय, कोणीही करतं." त्याने टेबलावरचं माझं निवेदन उचललं आणि वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या. "अगं, स्वतःची अब्रू स्वतःच वेशीवर टांगतेस?"

मी त्यात माझी चूक लिहिली होती. मुलाने पहिला तुकडा उचलला की घड्याळ सुरू करायचं असतं. अडतीस चित्रफितींत मी घड्याळ मूल खुर्चीत बसल्यापासूनच सुरू केलं होतं. त्याच चित्रफिती मोजणाऱ्या दुसऱ्या मुलीचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळेनात, तेव्हा उमगलं. मॅडमना सांगितलं. सहा आठवडे सगळं पुन्हा मोजलं, आणि नोकरी करणाऱ्या व घरी असणाऱ्या आयांमधला जो झोकदार फरक मॅडम परिषदेत मांडणार होत्या, तो फुस्स झाला. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

"खोड ते," साहेब म्हणाले.

मी खोडलं नाही. त्याच्या मात्र सतरा चुका दुरुस्त केल्या आणि थापा तशाच ठेवल्या. आत्या समोर बसली होती. खोट्याला इस्त्री करून दिल्याची माझी मलाच किळस आली.

मुलाखती एकाच दिवशी होत्या. तो आधी आत गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. "मठ्ठ आहेत," एवढंच म्हणाला.

आत तिघं होते. अध्यक्षबाईंनी मला त्या अडतीस चित्रफितींबद्दलच खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "बासष्ट कुटुंबांतली फक्त चार गळाली. हे सहसा होत नाही. आयांना कोण आणायचं?"

"माझा आतेभाऊ," मी खरं ते सांगितलं. "एका बाईंनी तीनदा फोन आपटला होता. चौथ्यांदा हा त्यांच्याशी पाऊण तास बोलला आणि त्या मुलाला घेऊन आल्या. आमच्यात कोणालाच ते जमलं नसतं."

अध्यक्षबाईंनी समोरचे कागद चाळले. "हे त्यांनी कुठेच लिहिलं नाही. आम्ही नेतृत्वाबद्दल विचारत बसलो, तर त्यांना प्रश्नच कळेनात."

माझी निवड झाली, त्याची नाही. मी आत काय बोलले ते आत्याच्या कानावर गेलं आणि तिने फोनवर मला चुगलखोर म्हटलं. आईने फोन हातातून घेतला. "वन्सं, पोरीने त्याचं कौतुक केलं. तेही त्याला भोवत असेल, तर आम्ही काय करायचं?" आत्याने महिनाभर अबोला धरला.

मग तो मोडला, कारण मिरवायला बातमी मिळाली. साहेबांना दुसरीकडे प्रवेश मिळाला होता; तिथे मुलाखतच घेत नाहीत. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बघ. कागद भारदस्त लागतो."

मी त्याला म्हटलं, "त्या अध्यक्षबाई अजून विचारतात. तीनदा फोन आपटणाऱ्या बाईंना तू काय सांगितलंस, ते त्यांना ऐकायचंय."

तो थांबला. खरंच आठवून बघत होता.

"कोण बाई?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून गेला.