लांडग्याचं चित्र असलेलं पोतं

ढोल्याला रविवारी गोदामावर पाठवायचं, हे ताईंनी ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. ताई म्हणजे माझी नणंद. कळवलं हाही शब्द मोठाच झाला. त्या माझ्या नवऱ्याशी फोनवर बोलत होत्या आणि मी आमच्या पोरीला, चिमणीला, भरवता भरवता ऐकत होते.

"माझ्या ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना राखणीला कुत्रा हवाच आहे. मोकळी जागा आहे रे. आणि साखळी चांगली लांब असते त्यांची."

साखळी लांब असते हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, बंगला आणि बाग मिळते आहे.

"हो, बघतो," नवरा म्हणाला. एरवी तो ताईंना "हो" म्हणतो आणि मला "बघतो" म्हणतो. दोन्ही एका दमात म्हणाला, म्हणजे ठरलंच होतं.

ढोल्या माझा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून माझा. राखणदार म्हणून त्याची कारकीर्द एवढीच की मिक्सर सुरू झाला की तो पलंगाखाली जातो आणि मिक्सर बंद झाल्यावरही, खात्री होईपर्यंत, तिथेच राहतो. अशा जीवाला गोदामाच्या फाटकाशी बांधायचं आणि त्याने चोर पकडायचे. चोराने चुकून शिंक दिली असती तर ढोल्याने त्यालाच कुशीत घ्यायला सांगितलं असतं.

त्याचा गुन्हा असा की तो चिमणीवर गुरगुरला. चिमणी नुकतीच धरून धरून उभी राहायला लागली आहे आणि जे दिसेल त्याला धरते, पडदा, खुर्ची, माझे केस. त्या दिवशी तिने आडव्या पडलेल्या ढोल्याच्या पोटावर दोन्ही हात टेकले आणि तो गुरगुरला. मी तिला झटकन उचललं. मी काही कुत्र्याच्या प्रेमात आंधळी नाही. मी बाटल्या एकदा उकळून पुन्हा उकळते, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. ढोल्या तिला चावेल असं मला मनापासून वाटलं असतं, तर ताईंच्या फोनची वाट न बघता मीच त्याला दाराबाहेर केलं असतं. पण मी त्याचं तोंड पाहिलं होतं. दात दाखवले नव्हते त्याने. कान मागे गेले होते, डोळे मिटले होते. दुखलं की माणूस करतं तसं.

"मत्सर आहे तो," ताईंनी निदान केलं. "बाळ आलं की कुत्र्यांना मत्सर होतो. मी वाचलंय." ताई वाचतात फार. कुठे वाचलं ते विचारलं की मात्र त्यांचा फोन वाजतो.

मत्सरामुळे अंगावर पुरळ येतं का, हे त्यांनी वाचलेलं नव्हतं. ढोल्या महिनोन्‌महिने खाजवत होता. पोटाची कातडी लाल झाली होती, बरगड्या मोजता येतील इतका वाळला होता. नाव ढोल्या आणि अंगावर मांस नाही, म्हणून जिन्यात भेटणारे लोक हसायचे. वाटीतलं अर्धं टाकायचा आणि उरलेलं ओकायचा. त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? नवऱ्याने त्या खाण्याचं नाव असं सांगितलं जसं काही लोक आपल्या शाळेचं नाव सांगतात. डॉक्टरांच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. "वा! मग खाण्याचा प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि खाजेचं मलम लिहून दिलं. मी तोंड उघडणार तोवर त्यांनी पुढच्या मांजरीला आत बोलावलंसुद्धा.

त्या खाण्याचं श्रेय अर्थातच ताईंचं. पोत्यावर बर्फात उभा असलेला लांडगा होता, चंद्राकडे तोंड करून. कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच, त्याला लांडग्याचंच खाणं हवं, हे ताईंचं तत्त्वज्ञान. ढोल्याला खरा लांडगा दिसला असता तर तो मिक्सरच्या वेळी जातो तिथेच गेला असता. पण खाणं महाग होतं आणि महाग म्हणजे चांगलं, यावर त्या दोघा बहीणभावांचा जन्मापासून विश्वास. शिवाय मोठं पोतं घेतलं की किलोमागे स्वस्त पडतं. म्हणून ताईंनी भलंमोठं पोतं घेतलं होतं, ते त्यांच्याकडे राही, आणि आमचा वाटा त्या दर महिन्याला पिशवीतून आणून आमच्या काचेच्या बरणीत ओतत. बरणीही त्यांनीच दिलेली, लाकडी झाकणाची, झाकण नीट न बसणारी. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतच ठेवायची, कारण तिथे छान दिसते. सकाळचं ऊन तिच्यावर पडे आणि आतले तपकिरी गोळे चकाकत. ताई फोटो काढत. पैसे मात्र नवऱ्याने लगेच पाठवले होते, पोत्याचा निम्मा वाटा म्हणून.

"राणीची तब्येत बघ," ताई म्हणत. राणी म्हणजे त्यांची कुत्री, पांढरीशुभ्र, केसांना रिबीन. "हेच खाते ती. दोष खाण्यात नाही, घरातल्या वातावरणात आहे." वातावरण म्हणजे मी.

शुक्रवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या करत होते. चिमणी पायाशी होती. मग नव्हती. मी वळून बघते तर बाई ढोल्याच्या वाटीपाशी मांडी घालून बसलेली, गाल फुगलेला. शेजारी ढोल्या उभा, आणि त्याच्या चेहऱ्यावर, मी खोटं सांगत नाही, सहानुभूती होती.

मी बोट घालून तो गोळा काढला. तोंड पुसलं, पाणी पाजलं, जीभ तपासली, बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, काही होणार नाही, लक्ष ठेवा. मला लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मी तिला छातीशी धरून तिच्या तोंडाचा वास घेत राहिले. दूध, लाळ, आणि त्याखाली दुसरं काहीतरी. जुन्या तेलाचं. तळणाचं तेल कढईत विसरून आठवडाभर राहावं, तसं.

मी बरणी उघडली आणि नाक आत घातलं. मग नवऱ्याला हाक मारली. शुक्रवारी तो घरूनच काम करतो.

"वास घे."

त्याने घेतला. "मांसाचा वास आहे. लांडग्यांचं खाणं असंच असणार ना?"

"तू शेवटचा लांडगा कधी हुंगलास?"

"अगं, ब्रँड किती मोठा आहे!"

"ब्रँडचा नाही, बरणीचा वास घे म्हणतेय मी. खवट झालंय हे. पोतं कधी उघडलं होतं? तारीख काय होती?"

"ताईकडे असेल ना. ताईला माहीत."

सगळं ताईलाच माहीत. चार भिंतींच्या आत हा माणूस कंपनीच्या दोन खात्यांची व्यवस्था बघतो आणि स्वतःच्या कुत्र्याच्या वाटीत काय पडतं ते बहिणीला माहीत.

शनिवारी सकाळी मी चिमणीला कडेवर घेतलं, बरणी पिशवीत घातली आणि नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. तो वाटेत दोनदा म्हणाला, "नीट बोल हं."

ताईंच्या घरात पाऊल टाकलं की आधी राणीचे फोटो दिसतात, मग ताईंच्या मुलाचे. "अगंबाई, आज सगळेच!" ताई म्हणाल्या. त्यांचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणते, पेपर वाचत बसले होते. ते मान हलवतात आणि पेपरात परत जातात. इतक्या वर्षांत मी त्यांचं कपाळ आणि बोटं एवढंच नीट पाहिलंय.

"ताई, पोतं बघायचंय."

"कसलं पोतं?"

"ढोल्याचं. त्याच्या खाण्याचं."

"त्यात काय बघायचंय? उद्या तर तो जायचाच आहे."

मी गॅलरीत गेले. काचा लावून बंद केलेली गॅलरी, कपडे सुकवायचं मशीन सुरू, घुसमटून टाकणारा उकाडा. मशीनला टेकून लांडगा उभा होता, बर्फासकट. पोत्याचं तोंड सताड उघडं. वरची पट्टी कात्रीने कापून फेकून दिलेली, आणि तारीख त्याच पट्टीवर छापलेली असते. कापडी पोतं समजून कडा नुसत्या बाहेर दुमडल्या होत्या. आतून आलेल्या वासाने चिमणीनेच तोंड फिरवलं.

"कधी उघडलं हे?"

"हे बघ, उगाच पोलिसासारखी विचारू नकोस," ताई मागून म्हणाल्या. "राणी हेच खाते."

"मग घालू तिला थोडं?"

मी मूठभर काढून राणीच्या चांदीसारख्या वाटीत टाकलं. राणी रुबाबात आली, वाटीवर नाक नेलं, आणि कुणीतरी अपमान केल्यासारखी मागे सरली. मग भाऊजींच्या खुर्चीखाली जाऊन पाठ करून बसली.

"आत्ताच जेवलीय ती," ताई म्हणाल्या.

भाऊजींनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच सलग पाहिला. बरा होता.

"ती कधीच खात नाही ते," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच तोंड लावलं नाही तिने. तिला चिकन उकडून भातात कालवून लागतं. रोज मीच करतो की! एवढं मोठं पोतं वाया जाईल म्हणून तर हिने तुमच्याकडे..." आणि मग ताईंचा चेहरा पाहून ते पुन्हा पेपरात शिरले, पण आता फार उशीर झाला होता.



"वाया घालवायचं होतं का मग?" ताई म्हणाल्या. माणूस पकडला गेला की आधी गप्प बसेल असं आपल्याला वाटतं. ताई तसल्या नाहीत. "चांगलं खाणं होतं. राणी लाडावलेली आहे. ढोल्या काय, साधा कुत्रा आहे, त्याला चालतं असं वाटलं."

"त्याला नाही चाललं, ताई. त्याचं पोट दुखत होतं आणि माझी मुलगी त्या पोटावर भार देऊन उभी राहिली. आणि त्याची शिक्षा म्हणून तुम्ही त्याला साखळीला बांधायला निघालात. लांब साखळीला."

"आवाज चढवू नकोस माझ्या घरात."

मी चढवलाच नव्हता. कडेवर बाळ असलं की मी चढवत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो राणीच्या फोटोंकडे पाहत होता.

"गोदामवाल्यांना फोन लाव," मी त्याला म्हटलं.

"ताईनेच सांगितलं तर बरं दिसेल ना? ओळख तिची आहे."

"कुत्रा आपला आहे. लाव."

तो फोन घेऊन जिन्यात गेला. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "नमस्कार. नाही, काय झालंय, आमच्या घरात जरा विरोध आहे. बायकोचा. हो हो, बायका काय ऐकतात! हॅ हॅ. तर उद्या नका येऊ."

चालेल. विरोध माझा, कुत्राही माझा. त्याच्या हसण्याचं काय करायचं ते मी नंतर बघेन.

तिथून मी तडक डॉक्टरांकडे गेले आणि या वेळी ब्रँडच्या आधी बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी वास घेतला आणि भुवया खाली आल्या. "अरे अरे, हे तर खराब झालंय. नाव चांगलं आहे हो पण." नाव चांगलं होतं, हे त्यांना अजूनही सोडवत नव्हतं. तरी काम केलं त्यांनी: पोटासाठी औषध दिलं, हे खाणं आजच बंद करा, काही दिवस उकडलेलं चिकन आणि भात, मग नवं खाणं त्यात थोडं थोडं वाढवत न्या, असं सांगितलं. भाऊजींची कृती, थोडक्यात.

दुकानातला विक्रेता मला बघताच लांडग्याच्या पोत्याकडे घेऊन गेला. "मॅडम, हे परदेशी."

"लांडगा नको. पिशवी फिरवून दाखवा, मागची बाजू."

"मागे काय बघायचं मॅडम? बारीक अक्षर असतं."

बारीक अक्षर असतं म्हणूनच बघायचं. सगळ्यात स्वस्त पिशवीवर आधी मका लिहिला होता आणि मग "मांसजन्य पदार्थ", म्हणजे कुठल्या प्राण्याचे आणि कोणते, ते देवालाच माहीत. मधल्या दराच्या एका पिशवीवर पहिलंच नाव सरळ चिकन होतं, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी संपूर्ण आहार असं छापलेलं होतं आणि तारीख लांबची होती. चित्र एका बावळट तोंडाच्या कुत्र्याचं. मी तीच घेतली, महिन्याभरात संपेल एवढी लहान. विक्रेता म्हणाला, मोठी घेतलीत तर स्वस्त पडेल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिल करायला गेला. घरी ती तिच्याच पिशवीत, तोंडाला चिमटा लावून, अंधाऱ्या कपाटात ठेवली. बरणी मी दुकानातून परतताना ताईंच्या गॅलरीत ठेवून आले होते. छान दिसते ना, त्यांच्याकडेच दिसू दे.

ढोल्याने नवं खाणं भातातून निवडून निवडून आधी संपवलं आणि वाटी फरशीवर ढकलत भिंतीपर्यंत नेली. खाज हळूहळू कमी झाली. ताईंचा फोन आला तेव्हा नवऱ्याने उत्साहाने ते सांगितलं.

"बघ!" स्पीकरवर ताईंचा आवाज आला. "मी म्हटलंच होतं, त्याला थोडा वेळ द्या. बाळाची सवय व्हायला वेळ लागतो त्यांना."

"हो ना," नवरा म्हणाला.

तेवढ्यात चिमणी डुलत डुलत ढोल्याकडे गेली होती आणि आधाराला काही हवं म्हणून तिने त्याच्या पोटावर हात टेकले होते. मी पुढे झाले. ढोल्याने एक डोळा उघडला, उसासा टाकला आणि तिला पुरेल एवढी जागा करून कूस बदलली.

तरीही मी दोघांच्या मध्ये जाऊन बसले. त्याच्यावर विश्वास आहे माझा. पण या घरात कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.