घासलेली चांदी

नव्वद सालची गोष्ट. आमलीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात अंगाला लावायच्या चांदीच्या चकत्या बनायच्या. त्यांतूनच यंत्राला हृदयाचे ठोके कळत. त्या दुपारी मुंबईचे डॉक्टर जयवंत त्या पारखायला येणार होते. चकत्या नापास झाल्या तर आमचा विभाग बंद, आम्ही सहा बाया घरी.

सकाळी डबा उघडला, तर चाळीसच्या चाळीस चकत्या काळपट! लाजेनं मेले. मी नवापूरची, सासूची जोडवी चिंच-राखेनं घासण्यात जन्म गेलेला. बसले घासत. चकत्या अशा लखलखल्या, की आमच्यातली चंदा एकीत बघून टिकली नीट करू लागली.

नाशिकच्या इंजिनियर मीनाक्षीबाई आल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"बायडाबाई, हे काय केलंत?"

"काळ्या पडल्या होत्या, घासल्या."

"अहो, तो थर मी मुद्दाम चढवला होता! त्याच्याशिवाय कागदावरची ठोक्यांची रेघ भटकते!"

"मग सांगायचं ना, बाई! चांदी काळी ठेवतं का कुणी?"

त्यांना रडायचं होतं, पण हसू फुटलं. मग आम्हालाही.

घाईघाईनं मिठाच्या पाण्यात चकत्या सोडल्या, बॅटरीची तार जोडली. "काळी हो गं माये, काळी हो!" चंदा हात जोडून म्हणाली. हळूहळू चांदी जांभळट-काळी झाली. तीन तयार झाल्या आणि फाटकात डॉक्टरांची गाडी वाजली.

"घासणारीनंच झोपायचं," म्हणत मीनाक्षीबाईंनी माझ्या दोन्ही मनगटांना आणि एका पायाला चकत्या चिकटवल्या. "आणि हसायचं नाही. अंग हललं की रेघ बिघडते."

मी सासूचा चेहरा आठवत पडून राहिले. यंत्राची सुई कागदावर रेघ ओढू लागली. डॉक्टर वाकले.

"ठोके एकशे वीस? पळत आलात का?"

"नाही साहेब. चांदी काळी करत होते."

कोपऱ्यात पदर तोंडात कोंबलेली चंदा फिस्सकन फुटली. मग मीही. सुई वेड्यासारखी नाचली. मीनाक्षीबाईंनी डोळे मिटले. संपलं सगळं, असं वाटून मी श्वास रोखला.

सुई सरळ आपल्या जागेवर येऊन चालू लागली.

डॉक्टर कागद बघत राहिले. "एवढ्या गोंधळानंतर लगेच जागेवर? हेच तर हवं होतं. पास! आणि हा हसलेला तुकडा मी नेतो."

उरलेल्या सदतीस चकत्या आम्ही दुसऱ्या दिवशी काळ्या केल्या. चिंच आमटीत गेली.